न दिसणारा उजेड घरच्या घरी कसा पकडायचा आणि घरात, शेतात कसा वापरायचा

आपल्या डोळ्याला साधारण ३८० ते ७५० नॅनोमीटर लांबीच्या लहरींचाच उजेड दिसतो, जांभळ्यापासून लालपर्यंत, बस. जांभळ्याच्या अलीकडे अल्ट्राव्हायोलेट म्हणजे यूव्ही आणि लालच्या पलीकडे इन्फ्रारेड म्हणजे आयआर, शाळेत एवढं सांगतात आणि धडा संपतो. पण हा उजेड पकडायला लॅब लागत नाही. १८०० साली खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेलने प्रिझममधून उन्हाचे रंग पाडले आणि लाल पट्ट्याच्या पलीकडे, जिथं काहीच दिसत नव्हतं तिथं थर्मामीटर ठेवला, तर पारा सगळ्यात जास्त तिथंच चढला. पुढच्याच वर्षी जर्मन शास्त्रज्ञ रिटरने जांभळ्याच्या अलीकडे, उजेडाने काळं पडणारं सिल्व्हर क्लोराइड ठेवलं, तर ते पटकन काळं पडलं. दोघांकडे साधी साधनं होती, आपल्याकडे तर आज खिशातला मोबाईल आहे.

सुरू करायच्या आधी एक गोष्ट पक्की करून घ्या, कारण नव्वद टक्के लोक इथंच गोंधळतात. इन्फ्रारेड एकच नसतो. ७५० ते साधारण ११०० नॅनोमीटर हा जवळचा इन्फ्रारेड, तो कॅमेऱ्याच्या सिलिकॉन सेन्सरला दिसतो, रिमोट आणि सीसीटीव्ही याच्यावरच चालतात. आपल्या अंगातून, भिंतीतून, तव्यातून जी उष्णता बाहेर पडते ती वेगळी, अंगाची तर साडेनऊ मायक्रॉनच्या (९५०० नॅनोमीटरच्या) आसपास म्हणजे जवळच्या इन्फ्रारेडच्या दहापट लांब लहर, ती मोबाईलच्या साध्या कॅमेऱ्याला दिसूच शकत नाही, कितीही अ‍ॅप टाका. प्ले स्टोअरवर मोबाईलचाच कॅमेरा वापरून ‘थर्मल’ दाखवणारी जी फुकट अ‍ॅप आहेत ती नुसता फोटोला रंग फासतात, त्याच्यावर विसंबून कोणी वायरिंग तपासायला जाऊ नका प्लीज.

पहिलं काम, रिमोट. टीव्हीचा रिमोट घ्या, मोबाईलचा सेल्फी कॅमेरा चालू करा, रिमोटचं टोक कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. फिक्कट जांभळा-पांढरा ठिपका लुकलुकताना दिसेल. मागच्या कॅमेऱ्यात बऱ्याचदा दिसत नाही, कारण कंपन्या तिथं आयआर अडवणारी काच जाड लावतात, म्हणून सेल्फी कॅमेरा सांगतोय, आणि दोन्हीत नाही दिसलं तर लॅपटॉपचा कॅमेरा वापरून बघा. रिमोट चालतोय की नाही हे ओळखायची ही सगळ्यात सोपी पद्धत आहे, दुकानात न्यायच्या आधी घरीच कळतं. कोविडमध्ये घेतलेलं ऑक्सिमीटर कपाटात पडलं असेल तर तेही काढा, त्यात लाल एलईडी ६६० नॅनोमीटरचा आणि दुसरा ९४० चा इन्फ्रारेड, डोळ्याला फक्त लाल दिसतो, कॅमेऱ्यात दुसराही दिसू शकतो. रक्तातला ऑक्सिजन या दोन उजेडांच्या फरकावरूनच मोजतात. आधारच्या वेळी डोळ्यांची बुबुळं स्कॅन केली होती ना, तीसुद्धा जवळच्या इन्फ्रारेडमध्येच.

सीसीटीव्हीचे आयआर एलईडी दोन प्रकारचे येतात. ८५० नॅनोमीटरवाले अंधारात नीट बघितलं तर मंद लालसर दिसतात, लांबपर्यंत मारा करतात. ९४० वाले डोळ्याला अजिबात दिसत नाहीत, पण पल्ला कमी. दारात, पार्किंगमध्ये ८५० बरा. मळ्यात बिबट्या येतो का, कुठून येतो हे बघायला ट्रॅप कॅमेरा लावणार असाल (नाशिक जिल्ह्यात निफाड, सिन्नरकडे ऊस आहे तिथं हा प्रश्न रोजचाच आहे) तर ९४० चा घ्या, म्हणजे जनावर बिचकत नाही आणि चोराच्याही लक्षात येत नाही, आणि बिबट्या दिसला तर वनखात्याला कळवा, स्वतः मागं जाऊ नका. लॉजच्या रूममध्ये लाइट बंद करून सेल्फी कॅमेऱ्याने एकदा चौफेर बघायची सवयही चांगली, छुप्या कॅमेऱ्याला आयआर एलईडी असेल तर ठिपका चमकतो. एलईडी नसलेला कॅमेरा मात्र असा सापडत नाही, हे लक्षात ठेवा.

आता इन्फ्रारेड ऐकायचा. हे मुलांसोबत नक्की करा. गार्डन लाइटमधली किंवा खेळण्यातली छोटी सोलर प्लेट घ्या, एक जुनी ऑक्स वायर कापा, आतल्या दोन वायरी प्लेटच्या प्लस-मायनसला जोडा आणि पिन स्पीकरच्या ऑक्सला लावा. आवाज आधी कमीच ठेवा. घरातल्या एलईडी बल्बखाली प्लेट धरली की बऱ्याच बल्बांचा हुंकार ऐकू येतो, कारण आपली लाइन ५० हर्ट्झची, त्यामुळं बल्ब सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. मग खोलीत अंधार करून प्लेटच्या अगदी जवळून रिमोट दाबा. टर्रर्र असा आवाज येतो, एकदम स्पष्ट. रिमोटचा उजेड सेकंदाला सुमारे ३८ हजार वेळा लुकलुकतो, तो आपल्या कानाच्या पलीकडे आहे, पण तो तुकड्यातुकड्यांनी येतो आणि ते तुकडे कानाला पकडता येतात. एसीचा, सेटटॉप बॉक्सचा, टीव्हीचा, प्रत्येकाचा आवाज वेगळा येतो. डोळ्याला काही दिसत नाही आणि कानाला ऐकू येतंय, पोरं तिथंच बसून राहतात.

माझ्या मते सगळ्यात भारी काम जुन्या यूएसबी वेबकॅमचं. लॉकडाउनमध्ये क्लाससाठी घेतलेले वेबकॅम आता घरोघरी पडून आहेत, नाशकात एम. जी. रोडला, शालिमारला जुन्या सामानात बघा, स्वस्तात मिळून जाईल. स्क्रू काढून खोला, लेन्स सहसा आटे असलेली असते, ती फिरवून सावकाश बाहेर काढा. लेन्सच्या मागच्या तोंडाला किंवा सेन्सरवर एक चौकोनी, नखापेक्षा लहान काच दिसेल, सरळ बघितलं तर हिरवट आणि तिरकं करून बघितलं तर लालसर चमकते. हीच आयआर अडवणारी काच. ब्लेडच्या टोकाने कडेचा गम सोडवून ती काढायची, डोळ्याला चष्मा लावा कारण ती तडकते, आणि सेन्सरला बोट लावू नका. काही वेबकॅममध्ये ही काच नसते, लेन्सवरच कोटिंग असतं, तसला निघाला तर तो ठेवून द्या आणि दुसरा बघा, खरवडत बसू नका. काच काढल्यावर फोकस हलतो, म्हणून लेन्स परत लावताना समोर वर्तमानपत्र धरून अक्षर स्पष्ट होईपर्यंत फिरवा.

एवढं झालं की कॅमेऱ्याला दिसणारा आणि न दिसणारा दोन्ही उजेड एकत्र दिसतो, रंग गुलाबी-जांभळे होतात. फक्त आयआर हवा असेल तर दिसणारा उजेड अडवायला लागतो, त्याला बाजारचा फिल्टर घ्यायची गरज नाही. घरात लग्नाच्या अल्बमसोबत कलर निगेटिव्हच्या पट्ट्या असतील, रोलच्या सुरुवातीचा जो पूर्ण काळा झालेला तुकडा असतो तो कापा, दोन थर करून लेन्ससमोर लावा. रंगीत निगेटिव्हचे रंग दिसणारा उजेड अडवतात पण इन्फ्रारेडला वाट देतात. ब्लॅक अँड व्हाइटची फिल्म चालत नाही, तिच्यात चांदी असते, ती सगळंच अडवते.

भर दुपारी ऊन असताना लॅपटॉपला लावा किंवा ओटीजीने मोबाईलला लावून बाहेर पडा. झाडाची पानं पांढरीशुभ्र दिसतात, बर्फ पडल्यासारखी, आभाळ काळपट आणि पाणीही काळं. गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला किंवा सोमेश्वरला गेलात तर पाणी आणि झाडी यांच्यातला फरक एवढा ठळक दिसतो की बघत राहावं. कोल्ड्रिंकची काळी बाटली पाण्यासारखी आरपार दिसते, गॉगलच्या काळ्या काचांमागचे डोळे दिसतात, आणि काळ्या रंगाचे बरेच सिंथेटिक कपडे फिक्कट दिसतात, एक काळा शर्ट काळाच राहील आणि शेजारचा करडा होईल, कारण रंग वेगळा वापरलेला असतो. पानं पांढरी का दिसतात ते लक्षात ठेवा, शेवटी त्याचा उपयोग आहे: हरितद्रव्य लाल उजेड खाऊन टाकतं, पण जवळचा इन्फ्रारेड पानाच्या आतल्या पेशी आणि हवेच्या पोकळ्यांवर आपटून निम्म्याच्या आसपास परत फिरतो.

आणि इथंच एक कळकळीची गोष्ट. ही निगेटिव्ह इन्फ्रारेड आरपार सोडते हे तुम्ही आता स्वतःच्या कॅमेऱ्यात बघितलं. म्हणजे ग्रहणाच्या वेळी निगेटिव्हमधून सूर्य बघायचा जो जुना प्रकार आहे तो डोळ्यासाठी किती वाईट आहे ते समजून घ्या, उजेड मंद दिसतो म्हणून माणूस टक लावून बघतो आणि आतला पडदा भाजत राहतो, दुखतही नाही. २ ऑगस्ट २०२७ ला आपल्याकडून खंडग्रास ग्रहण दिसणार आहे, नाशकात तेव्हा कुंभाची गर्दीही असेल, तर घरातल्या पोरांना आत्तापासून सांगून ठेवा की ग्रहणाचा प्रमाणित चष्मा नाहीतर पुठ्ठ्याला भोक पाडून जमिनीवर पडलेली प्रतिमा, तिसरं काही नाही.

आता दुसरं टोक, यूव्ही. ऑनलाइन दोन प्रकारचे टॉर्च मिळतात, ३९५ नॅनोमीटरचे आणि ३६५ चे. ३९५ स्वस्त, पण त्याचा जांभळा उजेडच एवढा पडतो की चमकणाऱ्या गोष्टी त्यात हरवतात. ३६५ चा, पुढं काळी फिल्टर काच असलेला, थोडा महाग पडतो पण घ्यायचा तर तोच घ्या. डोळ्यात मारू नका, आरशावर मारू नका, लहान पोरांच्या हातात एकट्याने देऊ नका.

टॉर्च आला की पहिली नोट बघा. नाशिक रोडची करन्सी नोट प्रेस १९२८ पासून नोटा छापते, त्यामुळं आपल्या गावात तरी हे सगळ्यांना माहीत असायला हवं. खोलीत अंधार करून पाचशेच्या नोटेवर टॉर्च मारा: नंबर चमकतो, सुरक्षा धागा चमकतो, आणि कागदात विखुरलेले केसासारखे बारीक तंतू उजळून निघतात. नोटेचा कागद स्वतः मात्र मंद, काळपट राहतो. शेजारी साधा झेरॉक्सचा कागद ठेवा, तो निळसर पांढरा भक्क पेटतो, कारण त्यात पांढरेपणासाठी चमक आणणारं केमिकल घालतात, कपड्याच्या पावडरीत असतं तेच. म्हणून आख्खी नोट निळी चमकली तर शंका घ्या. पण लगेच समोरच्याला चोर ठरवू नका, शर्टाच्या खिशात राहून धुतली गेलेली खरी नोटही तशीच चमकते, मग पाण्याची खूण, उठावाची छपाई, धाग्याचा रंग बदलणं हे बघा.

त्याच नोटेवर गॉगल तपासता येतो. गॉगलची काच टॉर्च आणि नोटेच्या मध्ये धरा. नंबरची चमक विझली तर काच यूव्ही अडवते, चमक तशीच राहिली तर तो गॉगल फेकून द्या. रस्त्यावरचा नुसता गडद गॉगल हा गॉगल न घालण्यापेक्षा वाईट, कारण अंधार वाटून बाहुली मोठी होते आणि यूव्ही जास्त आत जातो. हे ३६५ च्या टॉर्चनेच करा, ३९५ वर चुकीचा निकाल येऊ शकतो.

एक छोटा प्रयोग, पालक किंवा द्राक्षाचं पान कुस्करून सर्जिकल स्पिरिटमध्ये दहा मिनिटं ठेवा, गाळा. साध्या उजेडात हिरवं पाणी, यूव्ही टॉर्चखाली रक्तासारखं लाल. हरितद्रव्याने घेतलेली ऊर्जा पानात वापरली जाते, इथं वापरायला कोणी नाही म्हणून ती लाल उजेड होऊन बाहेर पडते. हळदीचं करून बघा, पिवळट हिरवं चमकतं.

पण आपल्याकडं यूव्ही टॉर्चचा खरा उपयोग विंचवासाठी. विंचवाची पाठ यूव्हीखाली निळसर हिरवी चमकते, एवढी की दोन-तीन मीटरवरून दिसते. रात्री मोटर चालू करायला जायचंय, चाळीतून कांदा काढायचाय, दगडांचा बांध उकरायचाय, गोठ्यात लाकडं उचलायचीत, तर हात घालायच्या आधी टॉर्च फिरवा. बूट घालूनच जा, आणि साधी बॅटरीही सोबत ठेवा कारण साप यूव्हीत असा चमकत नाही. नुकतीच कात टाकलेला विंचू चमकत नाही, म्हणून टॉर्चमध्ये काही दिसलं नाही म्हणजे काहीच नाही असं समजू नका. लाल विंचू चावला तर मंत्र-तंत्र करत बसायचं नाही, सरळ दवाखान्यात, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी यावर प्राझोसिन या औषधाचा उपचार रुळवला आणि त्याने असंख्य जीव वाचलेत, पण वेळेत पोचायला लागतं.

आणि वॉटर प्युरिफायरमध्ये, कोविडमध्ये निघालेल्या निर्जंतुक करायच्या डब्यांमध्ये जी यूव्ही ट्यूब असते ती २५४ नॅनोमीटरची, तिच्याशी खेळ नको. ती उघडी पेटवून बघू नका. अंबड-सातपूरला वेल्डिंगच्या कामावर असलेल्या कोणालाही विचारा, डोळ्याला वेल्डिंग लागणं काय असतं, रात्री डोळ्यात वाळू घातल्यासारखं होतं, तेच या ट्यूबने होतं.

उष्णतेच्या इन्फ्रारेडकडे येतो. थर्मल कॅमेरा अजून महाग आहे, पण इंडस्ट्रियल थर्मामीटर गन आवाक्यात आहे. तापाची गन घेऊ नका, ती फक्त अंगाचं तापमान दाखवते, उणे पन्नासपासून पुढं मोजणारी घ्या. गनवर १२:१ असं लिहिलेलं असतं, म्हणजे बारा फुटांवरून ती एक फुटाच्या गोलातलं सरासरी तापमान सांगते, लाल ठिपका दिसतो तेवढ्याच जागेचं नाही. डीपी बॉक्समधल्या एका एमसीबीची जोडणी शेजारच्यांपेक्षा खूप तापत असेल तर ती ढिली आहे, वायरमनला बोलवा. चकचकीत स्टील आणि तांब्याचं तापमान ती चुकीचं दाखवते, त्यावर काळी इन्सुलेशन टेप चिकटवून टेपवर मोजा (लाइन बंद असताना चिकटवा). काचेतूनही मोजता येत नाही, काचेचंच तापमान येतं.

आता ही गन घेऊन डिसेंबर-जानेवारीत निफाडकडच्या द्राक्षबागेत पहाटे जा आणि उघड्या आभाळाकडे धरा. निरभ्र असेल तर आकडा शून्याच्या खूप खाली जातो, काही गन नुसतं एलओ (म्हणजे मोजता येत नाही एवढं कमी) दाखवतात. ढगाकडे धरली की लगेच आकडा चढतो. निफाडची थंडी नेमकी यामुळंच वाढते: रात्रभर जमीन आणि पानं आपली उष्णता इन्फ्रारेडच्या रूपात वर फेकत राहतात, ढग असला तर तो काही परत देतो, निरभ्र असलं की सगळं निघून जातं. म्हणून पान भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतं, गन पानावर धरून खात्री करा. आभाळ स्वच्छ, वारा पडलेला आणि संध्याकाळीच पानाचा आकडा पटापट उतरतोय असं दिसलं की पहाटे शेकोट्या पेटवायच्या आणि ठिबक चालू करायची तयारी रात्रीच करून ठेवा, मणी तडकल्यावर काही हातात राहत नाही.

शेवटचं साधन आकाशात आहे आणि फुकट आहे. युरोपचे सेंटिनेल-२ उपग्रह साधारण पाच दिवसांनी आपल्यावरून जातात आणि लाल आणि जवळचा इन्फ्रारेड दोन्ही टिपतात, एक ठिपका १० मीटरचा. ब्राउझरमध्ये कोपर्निकस ब्राउझर नावाची वेबसाइट उघडा, पिंपळगाव बसवंत किंवा दिंडोरी शोधा, झूम करून आपलं शेत गाठा, सेंटिनेल-२ निवडा, ढग वीस टक्क्यांच्या आत ठेवा आणि एनडीव्हीआयचा थर लावा. एनडीव्हीआय म्हणजे इन्फ्रारेड वजा लाल, भागिले इन्फ्रारेड अधिक लाल. मघाशी पांढरी दिसलेली पानं आठवा, जेवढी हिरवी पानं जास्त तेवढा आकडा मोठा. उघडी जमीन ०.१ ते ०.२, भरलेली बाग ०.६ च्या पुढं, पाणी उणे.

एका एकरात असे चाळीसच ठिपके बसतात आणि नऊ-दहा फुटांच्या ओळी असतील तर एका ठिपक्यात तीन-चार ओळी आणि मधली मोकळी जमीनही येते, म्हणून एका वेलीचं यातून कळत नाही. ओळीत तण माजलं असेल तर आकडा उगाच चांगला दिसतो. क्रॉप कव्हर (पिकावरचं आच्छादन) टाकलेल्या प्लॉटचा आकडा धरू नका. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर आणि ऑक्टोबर छाटणीनंतर आकडा खाली आपटणारच, घाबरू नका, तुलना करायची तर छाटणीनंतरच्या तेवढ्याच दिवसांची मागच्या वर्षाशी करा, नाहीतर एकाच तारखेला आपल्याच प्लॉटच्या दोन कोपऱ्यांची. पावसाळ्यात ढगांमुळं महिना महिना काही दिसत नाही.

सलग दोन-तीन फोटोंत एकच कोपरा मागं पडताना दिसला की दुकानदाराला फोटो पाठवून औषध विचारू नका. आधी तिथं जा, ड्रिपरखाली हात घालून ओल बघा, लॅटरलचं (ठिबकच्या नळीचं) टोक उघडून पाणी सोडा, पानामागं डाऊनी (केवडा रोग) आहे का बघा, मुळाशी चार बोटं उकरा. उपग्रह फक्त कुठं जायचं ते सांगतो.